कन्कशननंतर मुलांना सप्लिमेंट द्यावं का? चाचणी झालीय म्हणतात, त्यात नक्की निघालं काय?

पारिजातक | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. परवा शनिवारी फुटबॉल खेळताना हेडरसाठी दोघांनी एकदम उडी मारली आणि डोक्यावर डोकं आदळलं. बेशुद्ध वगैरे नाही पडला पण दहा-पंधरा मिनिटं सारखं तेच तेच विचारत होता, स्कोअर किती झाला, स्कोअर किती झाला. लगेच डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नीट तपासलं, कन्कशन आहे म्हणाले, म्हणजे धक्क्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडलंय, स्कॅनची गरज नाही म्हणाले आणि काय बघायचं ते समजावून घरी सोडलं. आता डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, जरा आवाज झाला की चिडतो, आणि मधेच गप्प होऊन कुठेतरी बघत बसतो ते मला बघवत नाही.

आज त्याच्या टीममधल्या एका मुलाचे बाबा येऊन बीसीएए पावडरचा (अमायनो आम्लांची पावडर असते ती) मोठा डबा ठेवून गेले. यावर मोठ्या हॉस्पिटलात चाचणी झालीय, डोक्याला मार लागलेलीच मुलं होती, फरक पडला, आजच सुरू करा, उशीर झाला तर उपयोग नाही म्हणाले. माणूस मनाने चांगला आहे, कळकळीने आला होता. त्याआधी बहिणीने फिश ऑइल सांगितलं, जाऊबाईंनी मॅग्नेशियम, भाच्याने क्रिएटिन आणि झोप लागत नाही तर मेलाटोनिन द्या असं अजून एकाने.

डबा टेबलावर आहे. दर अर्ध्या तासाने मी तो हातात घेते आणि परत ठेवते. मला एवढंच कळत नाहीये की चाचणी झालीय, फरक पडलाय, तर मग मी थांबलेय कशासाठी? आणि चाचणी झाली म्हणजे नक्की काय झालं असतं? कोणी वाचलं असेल तर प्लीज सांगा.

सुलू | सोमवार, रात्री ११:२६

ताई आज रात्री डबा उघडू नकोस एवढंच सांगते. इथे डॉक्टर लोक आहेत, सकाळपर्यंत कोणीतरी लिहील. तू जेवलीस का?

अर्धवट_झोप | मंगळवार, पहाटे ४:५०

ताई, इमर्जन्सीत काम करतो, ड्यूटी संपता संपता लिहितोय. आधी महत्त्वाचं. डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलट्या, उठवून उठत नाही, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसते, बोलणं अडखळतं, हातापायात जोर नाही, झटका आला, नाकाकानातून पाण्यासारखं काही येतंय, यातलं काहीही दिसलं तर धागा वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

तसं काही नसेल तर घाबरू नका. बंद अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायचा सल्ला आता मागे पडलाय. २०१५ साली एका चाचणीत काही मुलांना पाच दिवस कडक विश्रांती आणि बाकीच्यांना नेहमीसारखी एक-दोन दिवस दिली होती, तर कडक विश्रांतीवाल्या मुलांनी जास्त त्रास सांगितला. आता २४ ते ४८ तास जरा शांत राहायचं, त्या काळात मोबाइल टीव्ही कमी, आणि मग हळूहळू चालणं सुरू करायचं. डोकेदुखी शून्य व्हायची वाट बघायची गरज नाही. दहापैकी दोन मार्कांपेक्षा जास्त वाढली किंवा तासाभरात उतरली नाही तर थोडं कमी करायचं. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली, तिचं निवेदन २०२३ ला आलं, त्यात हेच आहे.

आता डब्याबद्दल. सप्लिमेंटचा विचार कुठून आला ते सांगतो, म्हणजे तुमचे नातेवाईक उगाच काहीतरी बोलत नाहीयेत हे कळेल. कन्कशनमध्ये स्कॅनवर बहुतेक वेळा काही दिसत नाही, कारण मोडतोड थोडी आणि बिघाड जास्त असतो. मार बसला की मेंदूच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं, ग्लुटामेट म्हणजे पेशींना उत्तेजित करणारं रसायन भसाभस सुटतं. हे सगळं जागच्या जागी आणायला पेशीतले पंप जोरात चालवावे लागतात आणि पंपाला एटीपी म्हणजे ऊर्जा लागते. नेमके त्याच वेळी ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियमने बेजार झालेले असतात आणि रक्तपुरवठाही घटलेला असू शकतो. मागणी वाढली आणि पुरवठा आटला. गिझा आणि होव्डा यांनी २००१ मध्ये हे चित्र मांडलं आणि तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तोच प्रश्न आहे की या टंचाईत बाहेरून काही पोचवता येईल का. क्रिएटिन म्हणजे ऊर्जेचा राखीव साठा. ग्लुटामेटमुळे जी दारं उघडी पडतात ती मॅग्नेशियम अडवतं. फिश ऑइलमधलं डीएचए पेशीच्या आवरणातच असतं. बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, यांच्यापासून मेंदू उत्तेजित करणारं ग्लुटामेट आणि शांत करणारं गाबा दोन्ही बनवतो.

कागदावर चारही पटतात हो. पण सिटिकोलिन नावाचं औषधही असंच पटलं होतं. प्राण्यांमध्ये छान चाललं, कित्येक देशांत लोक घेतही होते, मग अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, डोक्याला मार लागलेली मोठी माणसं, ९० दिवस औषध, निकाल २०१२ मध्ये आला आणि प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, काडीचा फरक नाही. तेव्हापासून मी नुसतं पटतंय म्हणून काही लिहून देत नाही.

टॉस_जिंकला | मंगळवार, सकाळी ७:३५

मी मुलांना कोचिंग करतो, १९ वर्षं झाली. डॉक्टरसाहेबांबद्दल आदर ठेवून विचारतो, क्रिएटिन तर खेळाडू वर्षानुवर्षं घेतायत, त्यावर तर ढिगाने अभ्यास आहेत, आणि डोक्याला मार लागलेल्या मुलांवरही झालाय असं मी वाचलंय आणि तिथे डोकेदुखी, चक्कर, थकवा सगळं कमी झालं होतं. मग द्यायला काय हरकत आहे? माझ्याकडची तीन मुलं या सीझनमध्ये डोक्याला मार लागून बाहेर बसलीत. त्यातला एक तर मला खोटं सांगत होता की बरं वाटतंय, फक्त खेळायला मिळावं म्हणून. त्या मुलाचा चेहरा आठवला की वाटतं काहीतरी हातात द्यायला हवं.

अर्धवट_झोप | मंगळवार, सकाळी ८:१०

कोच, तुम्ही म्हणताय तो ग्रीसमधला अभ्यास, २००६ आणि २००८ मध्ये छापलेला. ३९ मुलं, वय १ ते १८, वजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅम, सहा महिने. निकाल चांगले होते हे खरं. पण ती मुलं डोक्याला गंभीर इजा होऊन अ‍ॅडमिट झालेली होती, आपल्या मुलांसारखी कन्कशनची नव्हती. आणि दुसरं म्हणजे त्यात प्लासिबो नव्हतं, कोणाला क्रिएटिन मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं. डोकेदुखी, थकवा या गोष्टी विचारूनच कळतात. ज्याला माहीत आहे की मला औषध चालू आहे त्याचं उत्तर बदलतं, विचारणाऱ्याचा सूरही बदलतो. कोणी लबाडी करतं असं नाही, माणसाचं असंच होतं.

मीमांसक | मंगळवार, सकाळी १०:०५

पारिजातक, तुमच्याकडे डबा घेऊन आले ते ज्या चाचणीबद्दल बोलत होते ती बहुतेक हिट हेड्स नावाची असणार, फिलाडेल्फियातली, मुलांचं एक मोठं हॉस्पिटल आणि मोठ्यांचं एक, २०२४ मध्ये छापून आलीय. मी आकडेवारीचं काम करतो, वैद्यकीय ज्ञान शून्य, पण तो पेपर मी नीट वाचलाय, तर आकड्यांपुरतं लिहितो.

पार्श्वभूमी अशी की तिथल्याच संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर काम केलं होतं. मेंदूला मार दिलेल्या उंदरांमध्ये स्मरणशक्तीच्या भागात ही तीन अमायनो आम्लं घटलेली दिसली, पाण्यातून दिल्यावर ती भरून आली आणि उंदरांची शिकण्याची क्षमताही सुधारली. मग माणसांवर. वय ११ ते ३४. पाच गट केले, एकाला प्लासिबो, बाकीच्यांना रोज १५, ३०, ४५ आणि ५४ ग्रॅम, असं २१ दिवस. कोणाला काय मिळतंय हे ना मुलांना माहीत ना डॉक्टरांना. रोज कॉम्प्युटरवर मेंदूच्या टेस्ट, रोज त्रासाचे मार्क, झोप, हालचाल सगळं नोंदवायचं.

आणि निकाल. चाचणी सुरू करायच्या आधीच लिहून ठेवलं होतं की मुख्य प्रश्न विचार करण्याच्या वेगाचा. त्यात गटांमध्ये काही फरक निघाला नाही. म्हणजे ज्या प्रश्नासाठी चाचणी उभी केली त्याचं उत्तर नाही असं आलं. पण बाजूला जे मोजलं होतं त्यात त्रासाचे मार्क कमी झालेले दिसले, दर ५०० ग्रॅम पावडर पोटात गेल्यामागे ५४ पैकी ४.४ मार्क. आणि हालचालही लवकर वाढली. तुमच्यापर्यंत पोचलं ते हे दुसरं.

एकूण माणसं ४२, त्यातल्या ३८ जणांचाच डेटा वापरता आला. पाच गटांत ३८ म्हणजे गटाला सात-आठ जण. एका गटात योगायोगाने दोन मुलं आधीपासून मायग्रेनवाली आली तरी गटाचं चित्र बदलतं.

अजून एक. दहा वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आणि खरा फरक कशातच नसला तरी त्यातली किमान एक तरी नुसत्या योगायोगाने चमकण्याची शक्यता साधारण ४० टक्के असते. म्हणून मुख्य प्रश्न आधी लिहून ठेवायची पद्धत आहे.

पायरी | मंगळवार, सकाळी ११:४०

मीमांसक, इथे मात्र थोडं थांबा. तुमचं ४० टक्क्यांचं गणित बरोबर आहे पण ते पाच टक्क्यांच्या मर्यादेसाठी. त्रासाच्या मार्कांची पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.००३६ होती. तिला दहाने गुणलं तरी ०.०३६ येतं, म्हणजे नेहमीच्या कसोटीत अजूनही बसतं. शिवाय डोस वाढला तसा परिणाम वाढला, हे योगायोगात एवढं सहज दिसत नाही. आणि विचारांचा वेग मोजायची टेस्ट रोज रोज दिली की सरावानेच सगळे सुधारतात, प्लासिबोवालेही, मग फरक दिसणार कुठून? माझ्या मते ती चाचणी फसली असं म्हणणं अन्यायाचं आहे. तिथल्या लोकांनी स्वतःच पायलट, म्हणजे छोटी प्राथमिक चाचणी, म्हटलंय आणि कमतरताही सगळ्या लिहिल्यात.

मीमांसक | मंगळवार, दुपारी १२:१५

पायरी, मान्य, तो मुद्दा मी सोडायला नको होता. फसली असं मीही म्हणत नाही. पण मला जे खटकतं ते दुसरंच आहे आणि ते पी व्हॅल्यूने सुटत नाही. तो हिशोब प्रत्यक्षात किती ग्रॅम घेतली गेली त्यावर आहे. आता विचार करा, ज्याला बरं वाटायला लागलंय तो मुलगा पावडर नियमित घेईल, ज्याला मळमळतंय, डोकं ठणकतंय तो दोन डोस चुकवेल, चार दिवसांनी सोडूनच देईल. मग पावडरमुळे बरं वाटलं की बरं वाटलं म्हणून पावडर घेतली गेली? याचं एक जुनं उदाहरण आहे. हृदयविकाराच्या एका मोठ्या चाचणीत, १९८० ला छापलं होतं, नुसत्या प्लासिबोच्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांत पाच वर्षांत १५ टक्के माणसं गेली आणि त्याच प्लासिबोच्या गोळ्या टाळणाऱ्यांत २८ टक्के. गोळीत काहीच नव्हतं! नियमित घेणारी माणसंच वेगळी होती.

म्हणून मला हा निकाल मोठी चाचणी करायला पुरेसा वाटतो आणि डबा उघडायला अपुरा.

केवडा | मंगळवार, दुपारी ३:००

मी हॉस्पिटलात क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, बऱ्याच वर्षांपासून, मुलांच्या चाचण्यांमध्ये जास्त. फक्त ४२ का, हे सगळे विचारतात म्हणून लिहिते. त्या चाचणीने जून २०१४ मध्ये सुरुवात केली आणि डिसेंबर २०२० ला थांबवली. साडेसहा वर्षं. ४२ माणसं. हे वाचताना मला त्या टीमची दमछाक अक्षरशः जाणवली.

कारण असं आहे बघा. या औषधांचा उपयोग व्हायचा तर तो सुरुवातीच्या दिवसांत, टंचाई चालू आहे तेव्हा. म्हणजे मला पालकांना गाठायचं असतं ते नेमकं त्यांच्या आयुष्यातल्या वाईट रात्री. मूल स्ट्रेचरवर आहे, आई थरथरतेय, आणि मी सोळा पानांचा कागद घेऊन उभी आणि सांगतेय की तुमच्या मुलाला खरी पावडर मिळेल किंवा नुसती चवीची मिळेल, कुठली ते मलाही माहीत नसेल. कित्येक आया माझ्याकडे बघून फक्त मान हलवतात. मी कधी कोणाला आग्रह करत नाही. मुलाची स्वतःची संमतीही घ्यायची असते, नुसती आईबाबांची सही चालत नाही, आणि १५ वर्षांच्या मुलाने नको म्हटलं तर नको.

जे हो म्हणतात त्यांचंही सोपं नसतं. डोकं दुखणाऱ्या मुलाला रोज कॉम्प्युटरसमोर बसवून टेस्ट घ्यायची. पहिले चार दिवस करतात, मग शाळा सुरू होते, मग बरं वाटायला लागतं, मग विसरतात, आणि ज्यांना बरं वाटत नाही ते फोन उचलत नाहीत. डेटामध्ये भोकं पडतात ती अशी. बीसीएए चवीला कडू असतं, तर प्लासिबोही तितकंच कडू करावं लागतं, नाहीतर पहिल्याच घोटाला मुलं ओळखतात. फिश ऑइलचं तर अजून अवघड, ढेकर आली की संपलं.

आणि सगळ्यात मोठी अडचण आनंदाची आहे. बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. कॅनडात नऊ हॉस्पिटलांमधून ३,०६३ मुलांचा अभ्यास झाला होता, २०१६ ला आला, त्यात चार आठवड्यांनी साधारण ३० टक्के मुलांनाच त्रास उरला होता. म्हणजे ७० टक्के मुलांना तुम्ही काहीही द्या, ती बरी होणारच. औषधाचा उपयोग दाखवायचा तर तो उरलेल्या ३० टक्क्यांत, आणि पहिल्या रात्री कोण त्या ३० मध्ये जाणार हे नक्की सांगता येत नाही. त्याच अभ्यासातून १२ मार्कांचा एक स्कोअर निघालाय, मुलगी आहे का, आधी कन्कशन झालंय का, मायग्रेन आहे का, आवाज सहन होतो का असं विचारून अंदाज बांधतात, पण तो अंदाजच.

टॉस_जिंकला | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

केवडाताई, कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता.

क्रिएटिनचा मुद्दा मी मागे घेतो. पण बाकीच्यांचं काय, फिश ऑइल, मॅग्नेशियम, मेलाटोनिन? माझ्याकडे पालक याचीच नावं घेऊन येतात.

अर्धवट_झोप | मंगळवार, रात्री ९:३०

थोडक्यात सांगतो. मेलाटोनिनचं उत्तर सगळ्यात स्वच्छ आहे. कॅनडात प्लेगेम नावाची चाचणी झाली, २०२० ला छापली, ८ ते १८ वयाची ९९ मुलं, ज्यांचा त्रास लांबला होता अशी. ३ मिलिग्रॅम, १० मिलिग्रॅम आणि प्लासिबो, २८ दिवस. तिन्ही गटांत मुलं सुधारली आणि गटांमध्ये त्रासात फरक नाही. झोपेसाठी डॉक्टर वेगळा विचार करून देतील ती गोष्ट वेगळी, पण कन्कशन त्याने लवकर बरं होत नाही.

फिश ऑइलमधल्या डीएचएवर अमेरिकेत १४ ते १८ वयाच्या ४० खेळाडूंवर छोटी चाचणी झालीय, रोज २ ग्रॅम, १२ आठवडे. मुलांना झेपलं, औषधवाली जरा लवकर सावरली असं दिसलं पण तो फरक योगायोगाच्या पलीकडचा म्हणण्याइतका नव्हता. मॅग्नेशियमची तर १७ मुलांचीच. दोन्ही ठिकाणी पुढे बघण्यासारखं आहे, बस.

एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन नावाच्या अजून एका सप्लिमेंटबद्दलही कोणीतरी सांगेलच तुम्हाला. स्फोटात सापडलेल्या ८१ सैनिकांवर २०१३ मध्ये निकाल फार चांगले आले होते, सात दिवसांत बरे झालेल्यांचं प्रमाण औषधवाल्यांत बरंच जास्त. पण ती मोठी माणसं, इजा स्फोटाची, आणि शाळकरी मुलाच्या फुटबॉलच्या माराला ते लावायचं म्हणजे उडी फार लांब होते.

रानवारा | बुधवार, रात्री १२:४५

मी १९ वर्षांची आहे. १६ ची असताना बास्केटबॉल खेळताना पडले आणि मी त्या ३० टक्क्यांतली निघाले. चार महिने.

इथे सगळे आकडे वाचले आणि रडू आलं, वाईट वाटून नाही, कोणीतरी हे एवढं नीट मोजतंय म्हणून. माझ्या वेळी घरात पाच डबे होते. प्रत्येक डबा आला की सगळ्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसायची, आणि आठवड्याने आई हळूच विचारायची, काही फरक? आणि मला तिला नाही म्हणायचं इतकं जड जायचं की मी हो, थोडा म्हणायचे. डॉक्टरांनी विचारलं की यातल्या कशाने बरं वाटलं तर मला खरंच सांगता येईना, कारण पाचही एकदम चालू होते आणि मी सगळ्यांना बरं वाटावं म्हणून बोलत होते. प्लासिबो कशासाठी लागतं हे मला कोणी समजावायची गरज नाही, मी स्वतःच घरात खोटा डेटा देत होते.

एक विनंती आहे चाचण्या करणाऱ्यांना, केवडाताई तुम्ही पोचवू शकलात तर. विचार करण्याचा वेग मिलिसेकंदांत मोजता ते ठीक, पण मला ज्याने त्रास झाला ते त्यात येतच नाही. वर्गात तीस मुलं एकदम बोलायला लागली की मला बाहेर जावं लागायचं. एक पान वाचून झालं की पहिली ओळ आठवायची नाही. मैत्रिणी हळूहळू फोन करायच्या बंद झाल्या. मुलांनाच विचारा ना की बरं होणं म्हणजे तुमच्यासाठी काय, आणि ते मोजा. मी तर म्हणेन चाचणी आखतानाच आमच्यासारख्या दोघातिघांना टेबलावर बसवा.

आणि पारिजातक काकू, त्याला रोज दहा वेळा आता कसं वाटतंय असं विचारू नका. दिवसातून एकदा पुरे.

केवडा | बुधवार, सकाळी ९:१५

रानवारा, हे मी आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे, नाव न घेता. चालेल ना?

रानवारा | बुधवार, सकाळी ९:४०

चालेल. दाखवाच.

पारिजातक | बुधवार, दुपारी १:२०

सगळं दोनदा वाचलं. रानवारा बाळा, तुझं वाचून मी थेट त्याच्या खोलीत गेले आणि काहीच न विचारता नुसती शेजारी बसले. तो पण काही बोलला नाही, पण उठला नाही.

अजून एकच शंका आहे आणि ती मनातून जात नाहीये. त्या चाचणीत गंभीर साइड इफेक्ट कोणालाच झाला नाही असं मीही शोधून वाचलं. मग उपयोग झाला तर झाला, नाही झाला तर नुकसान काय? आई म्हणून काहीच न करता बसणं फार कठीण आहे हो.

अर्धवट_झोप | बुधवार, दुपारी ४:०५

बरोबर वाचलंत, गंभीर काही झालं नाही. ३८ पैकी आठ जणांनी किरकोळ किंवा मध्यम त्रास सांगितला पण गटांमध्ये फरक नव्हता, जास्त डोसवाल्या दोन गटांत तर पोटाच्या दोन किरकोळ तक्रारी एवढंच. पण ३८ जणांत जे दिसलं नाही ते हजारात दिसू शकतं. आणि चाचणीतली पावडर काय आहे ते नेमकं तपासलेलं असतं. तुमच्या टेबलावरच्या डब्यात लेबलावर लिहिलंय तेच आणि तेवढंच आहे का, हे कोण सांगणार? स्पर्धा खेळणाऱ्या मुलासाठी तर अजून एक भीती, त्यात बंदी असलेलं काही मिसळलेलं निघालं तर डोपिंगमध्ये मूल अडकतं. एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट, इन्फॉर्म्ड स्पोर्ट अशी तपासणीची चिन्हं असतात, पण ती शुद्धतेची असतात, कन्कशन बरं करतं याची नाही.

पण खरं नुकसान मला दुसरंच दिसतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१४ मध्ये याच कारणासाठी लोकांना सावध केलं होतं, की कन्कशन बरं करतो म्हणून विकलं जाणारं सप्लिमेंट घेतलं की मुलाला आणि पालकांना वाटतं आता बरा आहे, आणि तो लवकर मैदानात जातो. सावरत असलेल्या मेंदूला दुसरा मार बसला तर काय होतं ते मी पाहिलंय आणि ते इथे लिहिणार नाही.

आणि काहीच न करता बसायचं कोणी सांगितलं? चालायला न्या त्याला. औषध म्हणून सांगतोय. २०१९ मध्ये १३ ते १८ वयाच्या १०३ मुलांवर चाचणी झाली, निम्म्यांना रोज हलका व्यायाम, त्रास वाढणार नाही एवढाच, आणि निम्म्यांना नुसतं स्ट्रेचिंग. व्यायामवाली मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, दुसरी १७ दिवसांत. स्क्रीनचंही तसंच, १२५ जणांवर बघितलं होतं, पहिले ४८ तास स्क्रीन बंद ठेवली त्यांचा त्रास साडेतीन दिवसांत मिटला आणि ज्यांना मुभा होती त्यांना आठ दिवस लागले. डबा नाही म्हणून याला कोणी औषध म्हणत नाही एवढंच.

टॉस_जिंकला | बुधवार, संध्याकाळी ६:३०

उद्यापासून माझी ती तीन मुलं मैदानाच्या कडेने चालतील, डॉक्टरांना विचारून. आजपर्यंत मी त्यांना घरी बसा म्हणत होतो.

मीमांसक | बुधवार, रात्री ८:००

पारिजातक, एक सुचवू का? चाचणीत करतात तसं तुम्हीही रोज एकदा मार्क लिहून ठेवा. स्कॅट म्हणजे खेळातलं कन्कशन तपासायचा डॉक्टरांचा फॉर्म, त्यातली यादी आहे, २२ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ६, एकूण १३२. रोज ठरलेल्या वेळी, त्यानेच भरायचे, तुम्ही शेजारी उभं राहायचं नाही. तुमच्या डॉक्टरांनाही कामाला येईल.

पारिजातक | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:३०

धागा वर काढतेय, तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

वही केली. गुरुवारी पहिल्यांदा भरली तेव्हा ५८ होते. सोमवारी ३४. त्यानंतर दोन दिवस वाढले परत, ४१, मी घाबरले, पण शाळेत अर्धा दिवस जायला लागला होता म्हणून असेल असं डॉक्टर म्हणाले. मग २२, १५, ९. या आठवड्यात ३, २, आणि काल शून्य. रोज चालत होता, आधी दहा मिनिटं, मग वीस, आता सायकल. शाळा पूर्ण वेळ सुरू आहे. डॉक्टरांनी खेळाच्या पायऱ्या लिहून दिल्यात, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि डोक्याला धक्का लागू शकतो अशा खेळाला त्यांनी परत तपासल्यावरच परवानगी.

वही बघताना मला सारखं वाटत होतं की त्या गुरुवारी मी डबा उघडला असता तर आज इथे येऊन मी सगळ्यांना शपथेवर सांगितलं असतं की पावडरने गुण आला, ५८ वरून शून्य, माझ्याकडे वही आहे. पुढच्या ज्या आईच्या मुलाला लागलं असतं तिच्याकडे तोच डबा घेऊन मी गेले असते. आणि अगदी कळकळीने गेले असते.

डबा तसाच सीलबंद परत दिला. त्या बाबांना वाईट वाटू नये म्हणून हा धागा दाखवला, त्यांनी सगळा वाचला आणि त्यांना एक प्रश्न पडलाय तो त्यांच्यातर्फे विचारते. केवडा, अशी मोठी चाचणी कुठे सुरू झाली तर आपल्यासारख्यांना कळतं कसं? टीममधल्या सगळ्या पालकांना आधीच, शांत डोक्याने, तो सोळा पानांचा कागद वाचायला मिळाला तर त्या रात्री तुमच्यासमोर मान हलवायची वेळ येणार नाही असं त्यांचं म्हणणं आहे.

केवडा | रविवार, सकाळी ११:०५

शून्य! किती बरं वाटलं वाचून.

आणि त्यांना सांगा की हा प्रश्न मला आजवर एकाही पालकाने विचारला नव्हता. चाचण्यांची सार्वजनिक नोंद असते, क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह वर कन्कशन आणि वय टाकून शोधता येतं, कुठे भरती चालू आहे ते दिसतं. तिथे मुख्य प्रश्न काय ठरवलाय तेही आधीच लिहिलेलं असतं, ते नक्की वाचा, आणि नंतर निकाल छापून आला की तोच प्रश्न आहे का ते ताडून बघा. सीझन सुरू व्हायच्या आधी पालकांची मीटिंग घेऊन कागद समजावायचा ही कल्पना मात्र माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती. कोच, तुमच्या पुढच्या सीझनची पहिली मीटिंग कधी आहे? मी येऊन बोलले तर चालेल का?

टॉस_जिंकला | रविवार, सकाळी ११:२०

या ना. तारीख मेसेज करतो. रानवाराला पण घेऊन या जमलं तर, मुलं तिचं ऐकतील.